पियानोची नेमप्लेट गेली आहे. कोणी बनवला, कधी बनवला, कसं ओळखायचं?

वाईचा_वायंडर

राम राम मंडळी. वाईत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी, पाणबुडी, पंखे, मिक्सर, जे जळेल ते भरून देतो. गाण्याबजावण्यातलं काही कळत नाही, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्या.

घरात एक उभा पियानो आहे. वडील पाचगणीला एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर राखणदार होते. १९८१ ला बंगला विकला तेव्हा मालकीणबाईंनी वडिलांना विचारलं, सामानातलं तुला काय हवं ते सांग. आई म्हणाली फ्रिज मागा. वडिलांनी पियानो मागितला. (ते त्याला 'पेटी' म्हणायचे.) आईने ही गोष्ट अजून सोडलेली नाही. बटाट्याच्या टेम्पोतून पसरणी घाटाने खाली आणला. मी अकरा वर्षांचा, मागे धरून बसायला. दर खड्ड्याला आतून सगळ्या तारा एकदम घुमायच्या आणि ड्रायव्हर मागे वळून बघायचा. घरात घ्यायला आठ माणसं लागली आणि दाराची चौकट काढावी लागली. तेव्हापासून तो त्याच भिंतीला आहे. घरात कोणाला वाजवता येत नाही. वडील रोज फडक्याने पुसायचे. ते २००४ ला गेले.

आता प्रश्न. गेल्या महिन्यात पुण्याहून जुन्या सामानाचे एक एजंट आले. म्हणाले, आत सगळं सडलंय, लाकडाचे म्हणून पंधरा हजार देतो. पुतण्याने तेवढ्यात मोबाईलची बॅटरी आत मारली आणि ओरडला, काका, लोखंडावर १८४२ लिहिलंय! तेव्हापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. पुतण्या म्हणतो म्युझियममध्ये जाईल. बायको म्हणते पंधरा हजार घ्या आणि जागा मोकळी करा.

मी मोजमाप घेतलंय ते असं. उंची चार फूट दोन इंच. पांढऱ्या पट्ट्या ५०, काळ्या ३५. पायाशी दोन पेडल. बाहेरून काळा, खरचटलंय तिथे लालसर लाकूड दिसतं. पट्ट्यांवरच्या झाकणाच्या आतून सोनेरी अक्षरं होती, पण आई दर दिवाळीला रॉकेलचं फडकं मारायची, त्यात पुढचं सगळं गेलं. आता फक्त '...अँड कंपनी, बॉम्बे' एवढं वाचता येतं. वरचं झाकण उघडल्यावर लाकडात ठोकलेला नंबर आहे, २३४१७. १८४२ मात्र बिडाच्या चौकटीवर, ओतकामातच, अक्षरं वर उठलेली. पुढच्या फळीवर डावी-उजवीकडे चार-चार भोकं आहेत, मेणाने बुजवलेली. पांढऱ्या पट्ट्यांवर प्रत्येकी दोन बारीक पितळी ठिपके आहेत. कोणीतरी कधीतरी दुरुस्ती केली असावी.

एक गोष्ट अजिबात कळली नाही. खालच्या फळीमागे, पेडलच्या दांड्यांशेजारी, एक बॅकेलाइटचा बल्ब होल्डर आहे, सुती वेष्टणाच्या जुन्या वायरवर. हा कशाला? पियानो विजेवर चालायचा का?

आणि एक कबुली. डावीकडची एक जाड तार तुटलेली होती. बघितलं तर स्टीलच्या तारेवर तांब्याची गुंडाळी. म्हटलं हे तर आपलंच काम. मायक्रोमीटरने दोन्ही गेज घेतले आणि लेथवर नवीन भरली. बसली, पण वाजवली की झणझणते.

मोटारीची नेमप्लेट गेली तरी मी स्टॅम्पिंगचे स्लॉट मोजतो, कोअरची लांबी आणि व्यास घेतो, तारेचा गेज बघतो आणि सांगतो किती एच.पी.ची आहे. पियानोचं असं काही असतं का? फोटो चिकटवलेत.

चिंचपोकळीकर

पाचगणी + पारशी + पियानो!! अहो, 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. पियानोही तिथेच शिकला. तुमच्या बंगल्यात सुट्टीला येऊन वाजवला नसेल कशावरून? जपून ठेवा, करोडोंत जाईल.

कळफलक

चिंचपोकळीकर, फारुख बलसारा (फ्रेडीचं खरं नाव) पाचगणीत होता हे खरं, शाळेत 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही होता. पण म्हणून तिथला प्रत्येक पियानो त्याचा होत नाही. उद्या तो एजंट हेच वाक्य घेऊन कोणाच्या तरी गळ्यात हा पियानो तिप्पट भावाने मारेल.

वायंडरसाहेब, तुमची मोजमापं वाचून फार बरं वाटलं. लोक धुरकट फोटो टाकतात आणि 'किंमत किती?' विचारतात. मी पुण्यात पियानो आणि हार्मोनियम दुरुस्त करतो, तीस वर्षं झाली.

आधी १८४२ चा निकाल लावू. ओतकामात वर उठलेला आकडा बहुतेक वेळा साच्याचा नंबर असतो. तुमच्या मोटारीच्या बॉडीवर फाउंड्रीचा नंबर असतो ना, तोच प्रकार. तुमच्या फोटोत डावीकडच्या जाड तारा बाकीच्या तारांच्या वरून तिरप्या गेल्यात, एकमेकींवर फुली मारल्यासारख्या. ही आडवी-तिरपी रचना स्टाइनवे या पियानो कंपनीने ग्रँड (आडव्या) पियानोसाठी १८५९ मध्ये पेटंट केली. उभ्या पियानोत ती रुळली त्यानंतर. १८४२ ला असा पियानो असणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात मिक्सर. पुतण्याला सांभाळून सांगा.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे ८५ पट्ट्या आहेत. आजच्या पियानोला ८८ असतात. पण ८५ म्हणजे जुना, एवढंच धरून वर्ष काढू नका. युरोपातले कारखाने ८५ पट्ट्यांचे पियानो विसाव्या शतकातही बरीच वर्षं बनवत होते. बुजवलेली भोकं पितळी मेणबत्तीदाण्यांची. वही दिसावी म्हणून दोन्ही बाजूंना बाहेर फिरणारे हात असत. घरोघरी वीज आली तसे ते गेले. पितळेच्या किमतीसाठी लोकांनी काढूनही विकले.

पितळी ठिपके मात्र मजेदार आहेत आणि ती दुरुस्ती नाही. पांढऱ्या पट्टीवरचा पातळ पत्रा सरसाने चिकटवलेला असतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात सरस सुटतो. म्हणून उष्ण प्रदेशात पाठवायच्या पियानोंना कारखान्यातच पितळी खिळे मारून देत. लाकूडही भरीव, कारण व्हिनिअर दमटपणात फुगून निघतं. म्हणजे हा मुद्दाम आपल्या हवेसाठी बनवून पाठवलेला आहे.

आता तुम्ही तीन कामं करा. वरचं झाकण उघडल्यावर आत डावी-उजवीकडे लाकडी खिट्या आहेत. त्या फिरवल्या की पुढची फळी उचलून निघते. आत हातोड्यांची जी सगळी यंत्रणा दिसते तिला आम्ही 'ॲक्शन' म्हणतो. ती बाहेर काढायचं धाडस करू नका, हातोड्यांच्या दांड्या मोडतात. फक्त तिच्या लाकडी पट्टीवर कोणाचा शिक्का आहे का बघा. ॲक्शन बनवणारे कारखाने वेगळे असत, पियानो कारखानदार त्यांच्याकडून विकत घेत.

दुसरं, पट्ट्यांमागची आडवी लाकडी पट्टी तीन-चार स्क्रूवर असते. ती काढली की डावीकडची पहिली पांढरी पट्टी अलगद उचलून पुढे ओढता येते. तिच्या अंगावर दोन्ही बाजूंनी काय लिहिलंय ते वाचा. नंबर, कारागिराची सही, ट्यूनरच्या तारखा, काहीही असू शकतं. आम्ही ट्यूनर लोक अजूनही लिहितो.

तिसरं, भिंतीपासून ओढून पाठ बघा. पण एकट्याने नको. सगळं वजन मागच्या बिडात आहे, मागे कलला की आवरत नाही. दोनशे किलोच्या पुढेच असेल.

तारेबद्दल: कल्पना उत्तम, पद्धत चुकली. गुंडाळताना आतली स्टीलची तार ताणात असावी लागते आणि दोन्ही टोकांना, जिथे तांबं संपतं तिथे, स्टील ठोकून चपटं करतात. नाहीतर तांबं सैल पडतं आणि झणझणतं. आताच्या तारांचा गाभा षट्कोनी येतो, त्याला चपटं करावं लागत नाही, कोपऱ्यांवर तांबं धरून बसतं. आणि एक लक्षात ठेवा, आतल्या दोनशेच्या वर तारा मिळून पंधरा-सोळा टन ओढ देतात. खुंटीला पान्हा लावताना तोंड बाजूला ठेवा.

मडगांवची_माई

वायंडरदादा, बल्बचं मी सांगते. आमच्या मडगावच्या शेजारी आंटीकडे असाच पियानो होता. पाऊस लागला की त्याच्या पोटात पंचवीस किंवा चाळीसचा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचे. ऊब राहते, तारांना गंज धरत नाही, नमदा ओला होत नाही, पट्ट्या फुगून अडकत नाहीत. मुंबईतही जुन्या घरांत हेच करत. आम्ही पोरं संध्याकाळी खालच्या फटीतून उजेड बघायला पालथे पडायचो. आंटी ओरडायची, पण लाडू द्यायची.

चाकांखाली पाण्याच्या वाट्याही ठेवायची, मुंग्या चढू नयेत म्हणून. आत डांबरगोळ्या, कसर लागू नये म्हणून. एवढं करून एका वर्षी उंदराने नमदा कुरतडून घरटं केलंच.

थेम्सकाठी

मी लंडनमध्ये कॅम्डनजवळ राहते. हा एकेकाळी पियानो कारखान्यांचा मोहल्ला होता, त्यामुळे इथल्या पियानोवाल्यांच्या गप्पा फार ऐकल्यात. '...अँड कंपनी, बॉम्बे' वाचून एकच सांगते. ते नाव दुकानाचं असण्याची शक्यता जास्त आहे. दुकानदार कारखान्यांकडून बिननावाचे पियानो मागवत आणि झाकणावर स्वतःचं नाव घालत. ते नाव पुसलं गेलं म्हणून फार वाईट वाटून घेऊ नका, ते पूर्ण असतं तरी त्यावरून विकणारा कळला असता, बनवणारा नाही.

पाठ बघाल तेव्हा देशाचं नाव शोधा. ब्रिटनमध्ये १८८७ ला कायदा झाला, परदेशी मालावर फसवी नावं नकोत, कुठे बनला ते लिहा. रोख मुख्यतः जर्मन मालावरच होता. हिंदुस्थानातही त्याच धर्तीचा कायदा १८८९ ला आला. 'मेड इन जर्मनी' दिसलं तर साधारण त्यानंतरचा. आणि ऑगस्ट १९१४ ला युद्ध लागल्यावर मुंबईत जर्मन माल यायचा बंद झाला, तो थेट युद्ध संपल्यानंतर परत आला. म्हणजे मधली वर्षं आपोआप गळतात.

झाकणाच्या आत पदकांची चित्रं असतील तर तीही बघा. पॅरिस १८७८, शिकागो १८९३ असं काही. शेवटच्या पदकाच्या आधीचा पियानो असू शकत नाही. अर्थात दुकानदारी मालावर कोणाचीही पदकं छापलेली मी पाहिली आहेत, त्यामुळे त्यावर फार भिस्त नको.

वाईचा_वायंडर

सगळ्यांचे आभार. रविवारी दुकान बंद ठेवून कामाला लागलो. पुतण्या, शेजारचे दोघे आणि मी. पियानो भिंतीपासून दोन फूट पुढे घेतला. मागे काय काय निघालं: माझी हरवलेली गोटी, १९८३ चं दिनदर्शिकेचं पान, आणि धुळीचा इतका थर की बायकोने दार लावून घेतलं.

पाठीच्या उभ्या लाकडी खांबांवर काळ्या रंगात साच्याने मारलेली अक्षरं आहेत. शेवटची दोन धुसर आहेत, पण 'मेड इन जर्मनी' स्पष्ट. थेम्सकाठी ताई, तुम्हाला पैकीच्या पैकी.

ॲक्शनच्या लाकडावर ठसा सापडला. 'लुई रेनर, श्टुटगार्ट' असं वाचतोय, पुतण्याने मोबाईलवर ताडून बघितलं. पदकं नाहीत.

मग ती पहिली पट्टी. स्क्रूवर गंज होता, रात्री तेल सोडून ठेवलं, सकाळी निघाले. पट्टी हातात घेतली आणि खरं सांगतो, मोटारीच्या आत पहिल्या कारागिराचं नाव सापडावं तसं वाटलं. (आम्ही पण लिहितो. स्लॉटच्या कागदावर, वार्निश मारायच्या आधी.) डाव्या अंगावर ठोकलेला नंबर २३४१७, म्हणजे वरच्याशी जुळला. त्याच्याखाली निळ्या पेन्सिलीत एक सही, वळणावळणाची, एक अक्षर लागत नाही. उजव्या अंगावर साध्या पेन्सिलीत इंग्रजीत ओळी. सगळ्यात जुनी: एप्रिल १९०८, बांद्रा. मग १९११, बांद्रा. मग मध्ये बराच काळ काही नाही. मग १९२३, पाचगणी. तिथून जवळजवळ दरवर्षी, नेहमी एप्रिल नाहीतर मे, शेवटची मे १९३६. पाच वेगवेगळी हस्ताक्षरं आहेत. एकाने तारखेपुढे 'उंदीर' लिहिलंय, इंग्रजीत, उद्गारचिन्ह टाकून.

बंगल्यावर मालक लोक एप्रिल-मेला यायचे आणि पाऊस लागायच्या आत मुंबईला परतायचे. ट्यूनरही त्याच हिशोबाने वर यायचा म्हणजे.

नंबरावरून आता वर्ष काढता येईल ना?

कळफलक

उत्तम काम. बांद्रा १९०८ म्हणजे युद्धानंतरचा जर्मन माल असण्याचा प्रश्नच मिटला. त्या तारखेला तो मुंबईत होता आणि त्याला सूर लावला गेला.

आता त्याआधी कधीपर्यंत मागे जाता येतं ते बघू. लुई रेनरचा श्टुटगार्टचा कारखाना १८८२ ला सुरू झाला, त्यामुळे त्याच्या आधीचा नाही. 'मेड इन जर्मनी'मुळे १८८७ च्या पुढे आलो. म्हणजे पक्कं बोलायचं तर १८८७ ते १९०८. माझा हात विचाराल तर १८९५ ते १९०५. फळीवरचं कोरीव काम, पायांचं खराद, डँपर (तारेचा आवाज थांबवणारे नमद्याचे तुकडे) हातोड्यांच्या खाली बसवलेत ती पद्धत, हे सगळं पाहून सांगतोय, पण हा अंदाज आहे, कागदावर लिहून देणार नाही. इंग्रजी स्वस्त पियानोंत त्या काळी डँपर वर असत आणि पुढे तारांचा पिंजरा दिसे, तो इथे नाही.

नंबराचं दुःख असं आहे की कारखाना माहीत असल्याशिवाय तो मुका. प्रत्येक कारखाना आपापला एकपासून मोजत आला. २३४१७ हा नंबर एकाच्या यादीत १८९० च्या आसपास पडेल, दुसऱ्याच्या यादीत १९२० च्या. लोक नंबर घेतात, हाती लागेल त्या कंपनीची यादी उघडतात आणि वर्ष ठरवून मोकळे होतात. दुकानाच्या नावाने आलेल्या पियानोंचं बहुतेकदा इथेच थांबतं. ॲक्शन श्टुटगार्टची म्हणून पियानो श्टुटगार्टचा असंही नाही, रेनरचा माल सगळीकडे जायचा. चौकटीच्या तळाशी, पेडलच्या मागे, ओतकामात एखादी मुद्रा किंवा दोन-तीन आद्याक्षरं असतील तर बघा. तीच एक आशा.

वाईचा_वायंडर

तळ बघितला. ब्रशने साफ करून, तिरपा उजेड टाकून. १८४२ शिवाय काही नाही.

म्हणजे नेमप्लेट बदललेली मोटार. आमच्यात हे रोजचं आहे. कोल्हापूर-राजकोटची बॉडी, वर भलत्याचीच प्लेट, आणि शेतकरी प्लेट बघून पैसे देतो. पण कळफलक साहेब, अशा मोटारीसुद्धा वीस-वीस वर्षं चालताना मी बघितल्यात. कोणीतरी आत तांबं नीट भरलेलं असतं आणि त्याचं नाव कुठेच नसतं. त्या निळ्या सहीचा फोटो टाकतो, कोणाला जुनी जर्मन लिपी येत असेल तर बघा.

पंधरा हजाराचं काय करू?

थेम्सकाठी

सहीबद्दल इथल्या एका वयस्कर जर्मन बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा लावून, काढून, परत लावून बघितलं. पहिलं अक्षर 'के' असावं म्हणाल्या, पुढे हात टेकले.

कळफलक

विकायच्या आधी पांढऱ्या पट्ट्या नीट बघा. बोटाखालचा रुंद भाग आणि काळ्या पट्ट्यांमधला अरुंद भाग, या दोन्हींच्या मध्ये केसासारखी जोडाची रेघ आहे? आणि तिरप्या उजेडात लाकडाच्या नसांसारख्या बारीक रेषा? असतील तर हस्तिदंत. सलग एकच तुकडा, रेषा नाहीत, तर सेल्युलॉइड. सुई तापवून टोचायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं.

हस्तिदंत निघालं तर व्यवहार साधा राहत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्या, यांमुळे हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, परदेशातून आलेल्या जुन्याचीही. साताऱ्याच्या वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. एजंट लोक हे सांगत नाहीत, किंवा ऐनवेळी सांगतात, भाव पाडायला.

आणि सडलंय वगैरे काही नाही. तुमच्या फोटोत बिडाला चीर नाही, नादफळीला (तारांमागची, आवाज घुमवणारी फळी) दोनच बारीक भेगा आहेत, हातोड्यांचा नमदा कडक झालाय पण जागेवर आहे. खुंट्या लाकडात घट्ट असतील तर हा वाजता होईल. एकदम आजच्या ठरलेल्या सुराला (सेकंदाला ४४० कंपनं) मात्र खेचू नका. इतकी वर्षं उतरलेल्या तारा आहेत, दोन-तीन वेळा थोडं थोडं चढवत न्यायचं, नाहीतर फटाफट तुटतील. खर्च पंधरा हजारांपेक्षा जास्त होईल आणि विकून तो परत येणार नाही, हे आधीच सांगतो. जुन्या उभ्या पियानोंना गिऱ्हाईक नाही. माझ्या दुकानात तीन पडून आहेत, त्यातल्या एकावर मी जेवणाचा डबा ठेवतो.

चिंचपोकळीकर

म्हणजे फ्रेडीचा नाहीच? बांद्र्यात १९०८ ला कोणाकडे असेल मग?

वाईचा_वायंडर

चिंचपोकळीकर, तुम्हीच शोधा आता.

पट्ट्यांना रेघ आहे. नसाही आहेत. तेव्हा एजंटांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले वीस देतो. बायकोने माझ्याकडे बघितलं, पण कायद्याचं ऐकून गप्प राहिली.

माई, तुमच्या बल्बने मात्र माझी झोप उडवली. सांगतो. बंगला पावसाळ्यात बंद असायचा. आम्ही मागच्या खोलीत राहायचो. पाचगणीचा पाऊस, चार-चार दिवस समोरची सुरूची झाडं दिसायची नाहीत. वडील रोज संध्याकाळी डोक्यावर इरलं घेऊन निघायचे, म्हणायचे, "पेटीचा दिवा बघून येतो." कधी मला पण न्यायचे. मी पाच-सहा वर्षांचा असेन. मोठा अंधारा हॉल, सगळ्या सामानावर पांढऱ्या चादरी. वडील गुडघ्यावर बसून पियानोची खालची फळी काढायचे आणि आत पिवळा उजेड. मला वाटायचं आत देव आहे. बाईंनी तो मुंबईला नेला नाही म्हणून वडील त्याला दिवा लावतात. मी हात जोडायचो. वडिलांनी कधी सांगितलं नाही की असं नाही म्हणून. नंतर सगळं विसरलो. होल्डर बघूनसुद्धा आठवलं नाही, चाळीस वर्षं त्याच घरात आहे तो. वाईत आल्यावर दिवा परत कधी लावला नाही, इथे तेवढा पाऊस नाही, आणि लाइट बिलावरून आईची बोलणी कोण खाणार.

तर काल जुनी वायर काढली. सूत हातात भुगा झालं. थ्री-कोअर टाकली, होल्डर चिनी मातीचा बसवला, लाकडापासून चार बोटं लांब, वर ॲस्बेस्टॉसऐवजी जस्ताचा पत्रा. एलईडी उपयोगाचा नाही, तो गरमच होत नाही. पिवळा फिलामेंटचा बल्ब बाजारात शोधायला निघालो होतो, मग लक्षात आलं, दुकानात सिरीज टेस्टिंगच्या बोर्डासाठी डबाभर पडलेत. चाळीसचा एक लावला.

कळफलक

फक्त पावसाळ्यात लावा. मार्च ते मे आत पाण्याची वाटी, नाहीतर नादफळीच्या भेगा वाढतील. आणि घरी कोणी नसताना बंद करा, कितीही पत्रा असला तरी. तार मी भरून पाठवतो, गेज कळवा. फुकट. तुम्ही ती लेथवर भरली हे मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय.

वाईचा_वायंडर

गेज खाजगी निरोपात पाठवलेत, गाभ्याचा आणि तांब्याचा वेगळा. ताण देऊन भरायचा एक जुगाड डोक्यात आहे, जमला तर पुढची तार मीच पाठवेन तुम्हाला.

आईला हाताला धरून आणलं आणि खालच्या फळीच्या फटीतून उजेड दाखवला. पंच्याऐंशी वर्षांची आहे, वाकवत नाही, खुर्ची ओढून बसली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "फ्रिजमध्ये पण दिवा असतो."